किट कारमधलं ऑइल प्रेशर गेज: सेंडर आणि गेजची जोडी कशी जुळवायची

कारखान्यातून आलेल्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा आणि इंजिनावरचा सेंडर, म्हणजे तेलाचा दाब ओळखून गेजला कळवणारा भाग, एकमेकांसाठीच बनवलेले असतात. किट कारमध्ये, म्हणजे सुटे भाग जुळवून घरी बांधलेल्या गाडीत, तसं नसतं. इंजिन एखाद्या भंगारात निघालेल्या रोव्हर एसडी१ मधून येतं, डॅशबोर्डवरची घड्याळं, म्हणजे गेजेस, कॅटलॉगमधून आणि सेंडर ऑटोजंबलच्या टेबलावरून, म्हणजे ब्रिटनमधल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून. तीन वायरी जोडल्या, किल्ली फिरवली, काटा हलला की बांधणारा खूश! पण काटा हलणं आणि काटा खरं सांगणं यात फार अंतर आहे.

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात गाडी बांधायची चाल जुनी आहे. लोटस कंपनीने सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स गाडी बनवणं थांबवल्यावर १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. पुढे त्या धर्तीच्या आणि कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या प्रतिकृती अशा असंख्य गाड्या लोकांनी आपल्या हातांनी उभ्या केल्या. खाली मी उदाहरण घेतलं आहे ते फायबरग्लासच्या बॉडीच्या कोब्रा प्रतिकृतीचं, आत साडेतीन लिटरचा, आठ सिलिंडरचा रोव्हर व्ही८. कोणत्याही इंजिनाला रीत हीच लागते. पुण्यात किंवा नाशकात कुणी जुनी जीप नव्याने उभी करत असेल आणि तिला इलेक्ट्रिक गेज लावत असेल, तर त्यालाही यातलं बरंचसं जसंच्या तसं उपयोगी पडेल.

माझं म्हणणं एकच आहे. डब्यावर काय लिहिलंय, विकणारा काय म्हणतो, आटे बसतात की नाही, यावरून जोडी ठरवू नका. गेज वेगळं मोजा, सेंडर वेगळा मोजा, मग दोघांचे आकडे शेजारी ठेवा. चुकीच्या जोडीत काटा शून्यावर पडून राहिला तर बरंच, चूक लगेच कळते. जी जोडी दिलासा देणारा खोटा आकडा दाखवते, ती बेअरिंग खाते.

आधी जात ओळखा

बहुतेक सेंडर म्हणजे दाबाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. आत एक पातळ पडदा असतो. तेलाने तो ढकलला की एक छोटा हात तारेच्या गुंडाळीवरून सरकतो आणि ओहम बदलतात. गेज ते ओहम वाचतं आणि काटा फिरवतं. घोटाळा इथे होतो की कुठल्या दाबाला किती ओहम, हे प्रत्येक घराण्याने आपापल्या सोयीने ठरवलं आहे.

युरोपात सगळ्यांत जास्त आढळतं ते व्हीडीओ या जर्मन कंपनीचं घराणं. दाब वाढला की ओहम वाढतात. शून्यावर साधारण १० ओहम, पूर्ण पट्टीवर साधारण १८०. या घराण्यातही दोन भाऊ आहेत, ५ बारचा आणि १० बारचा (बार हे दाबाचं एकक). दोघे दिसायला जवळजवळ सारखे, दोघांचे ओहम १० ते १८०, फक्त पट्टी वेगळी. ५ बारच्या सेंडरचे आकडे साधारण असे असतात: शून्याला १०, १ बारला ४८, २ बारला ८२, ३ ला ११६, ४ ला १५१, ५ ला १८४. १० बारवाल्यात हेच ओहम दुप्पट दाबाला मिळतात, म्हणजे २ बारला ४८, ४ बारला ८२ आणि पुढे तसंच. चार-पाच ओहमचा फरक इकडेतिकडे असणारच, तो मनावर घेऊ नका.

अमेरिकन घराणं नेमकं उलटं चालतं. शून्य दाबाला २४० ओहम, पूर्ण दाबाला ३३, मध्यावर सुमारे १०३. अमेरिकन व्ही८ घातलेल्या कोब्रांमध्ये किंवा अमेरिकन गेज घेतलेल्या गाड्यांमध्ये हे दिसतं.

तिसरी जात जुनी. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत आणि नंतरच्या काही जपानी गाड्यांतही तापून वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीवर चालणारी गेजेस असायची. काटा अगदी सावकाश वर चढतो, ही त्यांची ओळख. ब्रिटिश गाड्यांत त्यांना बहुधा १० व्होल्टचा स्टॅबिलायझर लागतो, थेट १२ व्होल्ट द्यायचे नसतात. त्यांच्या जोडीचे काही ऑइल सेंडर तर ओहम बदलतच नाहीत. ते आतल्या आत संपर्क जोडत-तोडत राहतात. अशा सेंडरला मल्टिमीटर लावून मिळालेल्या आकड्याला काही अर्थ नाही. इंजिन चालू असताना टेस्ट लॅम्प लावला की तो लुकलुकतो, तेवढ्यावरून ओळखायचं.

शेवटची जात तीन पायांची: ५ व्होल्ट आत, अर्थ (म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणी), आणि ०.५ ते ४.५ व्होल्टचा सिग्नल बाहेर. ही ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आणि डिजिटल डॅशसाठी. ओहम वाचणाऱ्या काट्याच्या गेजला ती चालत नाही, यावर डोकं खपवू नका.

आणि एक सावधगिरी. माझदा एमएक्स-५ हा ब्रिटनमधल्या किटचा लाडका दाता, म्हणजे जिचे भाग काढून किटमध्ये घालतात ती गाडी. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांत ऑइलचं गेज खरं होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मात्र इंजिनावर सेंडरऐवजी साधा स्विच आला आणि काटा फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगू लागला. अशा इंजिनावरचा मूळ भाग उचलून नव्या गेजला जोडला तर काटा एक तर तळाला, नाही तर माथ्याला.

पायरी पहिली: गेज टेबलावर तपासा

गेज डॅशबोर्डवर बसवण्याआधी हे उरकून घ्या. नंतर फायबरग्लासखाली हात घालून, मान वाकडी करून करावं लागतं.

लागेल ते असं: १२ व्होल्टची बॅटरी, १ अँपिअरचा फ्यूज, मगरीच्या तोंडाचे चिमटे लावलेल्या चार वायरी आणि अर्ध्या वॉटचे काही रेझिस्टर. दुकानात सहज मिळणाऱ्या किमतींत १०, ४७, ८२, १२०, १५० आणि १८० ओहम आहेत. व्हीडीओच्या आकड्यांशी ते इतके जुळतात की जणू त्यासाठीच केले असावेत. अमेरिकन गेजसाठी ३३, १०० आणि २४० घ्या.

गेजच्या मागे व्हीडीओवर ‘+’, ‘जी’ आणि अर्थची खूण असते. अमेरिकन गेजवर ‘आय’, ‘एस’ आणि ‘जीएनडी’. ‘+’ किंवा ‘आय’ ला फ्यूजमधून बॅटरीचं धन टोक, अर्थला ऋण टोक. सेंडरचं टोक, म्हणजे ‘जी’ किंवा ‘एस’, आधी मोकळं ठेवा आणि काट्याकडे बघा.

सेंडरचं टोक मोकळं असताना काटा पट्टीच्या माथ्याला गेला आणि तेच टोक अर्थला टेकवल्यावर तळाला आला, तर गेज वाढत्या ओहमचं, म्हणजे व्हीडीओच्या तऱ्हेचं. मोकळं असताना तळाला आणि अर्थला टेकवल्यावर माथ्याला, तर अमेरिकन तऱ्हेचं. एवढी एक चाचणी केली तरी निम्मे घोळ इथेच संपतात. मात्र काटा सावकाश सरकणारं, तापणाऱ्या पट्टीचं गेज असेल तर टोक अर्थला टेकवू नका, आतली गुंडाळी जळू शकते.

मग एकेक रेझिस्टर सेंडरच्या टोकातून अर्थला लावा आणि काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. गेज टेबलावर आडवं न ठेवता ज्या कोनात डॅशबोर्डवर बसणार त्या कोनात धरा, हलक्या काट्यावर त्याचाही परिणाम होतो. काचेवर बोटाने हलकी टिचकी मारून मग वाचा. ८२ ओहमला काटा ४ बारवर आला तर गेज १० बारच्या सेंडरचं, २ बारवर आला तर ५ बारच्या. पट्टी पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय धरा.

जुन्या वळणाचे चेहरे असलेल्या, स्मिथ्स नाव छापलेल्या गेजेसच्या बाबतीत ही चाचणी टाळूच नका. तेच नाव आणि तोच चेहरा घेऊन आतून तापणारी पट्टी असलेलीही गेजेस बाजारात फिरतात आणि चुंबकीय गुंडाळ्यांची नवीही. काचेकडे बघून कळत नाही.

पायरी दुसरी: सेंडरला दाब द्या

नुसता शून्याचा ओहम मोजून समाधान मानू नका. ५ आणि १० बारचे दोन्ही सेंडर शून्याला १० ओहमच दाखवतात. निदान एका ठाऊक असलेल्या दाबाला मोजलंच पाहिजे.

त्यासाठी सगळ्यांत सोपी सामग्री म्हणजे सायकलचा उभा पंप, ज्यावर दाबाचं घड्याळ असतं. रेसिंग सायकलसाठीचा चांगला पंप १०० पीएसआयच्या पुढे सहज जातो, म्हणजे ७ बार. पंपाचं तोंड बसेल असा, हवेच्या टाकीला लावतात तो आटे असलेला व्हॉल्व्ह घ्या, एक पितळी जोडणी घ्या, आणि तिच्या दुसऱ्या तोंडात सेंडर फिरवा. आट्यांची जात इथेही जुळली पाहिजे. त्याविषयी पुढे.

मल्टिमीटर २०० किंवा ४०० ओहमच्या पट्टीवर ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स बघा, तो पाव ते अर्धा ओहम असतो. पुढच्या प्रत्येक आकड्यातून तो वजा करायचा. मग एक टोक सेंडरच्या पात्याला, म्हणजे वायर जोडायच्या चपट्या टोकाला, दुसरं त्याच्या धातूच्या अंगाला. पात्यं दोन असतील तर बहुधा ‘जी’ गेजचं आणि ‘डब्ल्यूके’ इशाऱ्याच्या दिव्याचं. चुकून दुसऱ्याला लावलंत तर मीटर शून्य दाबाला जवळजवळ शून्य ओहम दाखवेल आणि थोडा दाब दिला की परिपथ तुटेल. तो सेंडर खराब नाही, तुम्ही दिव्याचा स्विच मोजताय.

आता सावकाश पंप मारा. आकडा सरळ चढत नाही. २८, मग एकदम ३१, मग तिथेच अडून ३४. आत तारेच्या एका वेढ्यावरून दुसऱ्यावर सरकणारा हात असतो, त्याचं हे पायरीपायरीने चालणं. १, २, ३, ४ बारला थांबून लिहा. मग हवा सोडता सोडता परत लिहा. चढताना आणि उतरताना थोडा फरक चालेल, पण मध्येच कुठे मीटर अनंत दाखवत असेल तर तिथली तार झिजली आहे. असा सेंडर गाडीत एका ठरावीक दाबाला काटा माथ्यावर आपटतो. तो फेकून द्या, दुरुस्त होत नाही.

दोन पात्यांचा आणखी एक प्रकार असतो, तो सेंडरच्या अंगावरून अर्थ घेतच नाही. दोन्ही पात्यांपासून अंगापर्यंत मीटर काहीच दाखवत नसेल तर तो अर्थ वेगळा असलेला सेंडर आहे. त्याच्या एका पात्याला स्वतंत्र अर्थची वायर लागते.

आकडे शेजारी ठेवल्यावर

आता तुमच्याकडे दोन याद्या आहेत. कुठल्या ओहमला गेज काय दाखवतं ही एक, आणि कुठल्या दाबाला सेंडर किती ओहम देतो ही दुसरी. जुळल्या तर पुढची पायरी. नाही जुळल्या तर काय होतं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

समजा गेज १० बारचं आणि सेंडर ५ बारचा, दोन्ही व्हीडीओचेच. २ बारला सेंडर ८२ ओहम देतो आणि गेज ८२ ओहमला ४ बार वाचतं. म्हणजे प्रत्येक आकडा दुप्पट. रोव्हर व्ही८ हे मुळातच कमी दाबावर चालणारं इंजिन. गरम इंजिनाला मिनिटाला २४०० फेऱ्यांवर ३० ते ४० पीएसआय, म्हणजे २.१ ते २.८ बार, हे कारखान्याच्या मॅन्युअलप्रमाणे योग्य. या जोडीत काटा ४.२ ते ५.६ बार दाखवेल. मालक मित्रांना सांगत फिरणार, माझ्या रोव्हरचा दाब बघा! आणि उद्या पंप झिजून दाब खरोखर १ बारवर आला तरी काटा २ दाखवत राहील, जो आकडा या इंजिनात कुणालाही खटकणार नाही.

उलट जोडी, म्हणजे ५ बारच्या गेजला १० बारचा सेंडर, निम्मं दाखवते. त्यात इंजिनाला धोका नाही, तुमच्या झोपेला आहे. उगाच तेल बदला, पंप उघडा, असे उद्योग सुरू होतात.

व्हीडीओच्या १० बारच्या गेजला अमेरिकन सेंडर लावला तर? शून्य दाबाला २४० ओहम, काटा माथ्याच्याही पलीकडे. दाब चढला की काटा खाली येणार. इथे चूक लपणार नाही असं वाटतं, पण हिशेब करून बघा. मधल्या ५० पीएसआयला, म्हणजे ३.४ बारला, सेंडर १०३ ओहम देतो आणि गेज ५ बारच्या थोडं पुढे दाखवतं. दाब आणखी वाढला की चार-सव्वाचार बारच्या आसपास दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि गेज अगदी खरा आकडा दाखवतं! गाडी चालती असताना एकाच दाबाला तपासणी केली, यांत्रिक गेजशी आकडा जुळला आणि जोडी पास झाली, असं इथे होऊ शकतं. म्हणून तपासणी कधीही एका बिंदूवर करू नका.

‘एक रेझिस्टर समांतर लावून भागवू’ हा सल्ला हमखास मिळतो. उलट्या चालीची जोडी कुठल्याही रेझिस्टरने सुलटी होत नाही, हे आधी लक्षात घ्या. एकाच चालीच्या जोडीतही काय होतं ते वरच्याच उदाहरणावर पाहू. ५ बारचा सेंडर, १० बारचं गेज. २ बारला ८२ च्या जागी ४८ ओहम हवेत, तर सेंडरला समांतर १२० ओहम लावला की ४८.७ मिळतात. झकास. आता १ बारला बघा: ४८ आणि १२० समांतर म्हणजे ३४, गेज १.३ दाखवणार. ३ बारला ५९, गेज २.६. ५ बारला ७२.६, गेज फक्त साडेतीन. म्हणजे एका ठिकाणी बरोबर, वर कमी, आणि जिथे काळजी करायची त्या खालच्या भागात जास्त. गेजची पट्टीच वाकडी झाली. योग्य सेंडर विकत घेणं यापेक्षा स्वस्त आणि सरळ.

गेज बदलायचंच नसेल, उदाहरणार्थ ते जुनं आणि देखणं असेल आणि त्याचा सेंडर आता मिळत नसेल, तर दोघांच्या मध्ये बसणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी मिळते. एका तऱ्हेचे ओहम घेऊन गेजला हवे तसे ती देते, आणि प्रत्येक बिंदू वेगळा लावता येतो. तिच्यासाठीही वरच्या दोन याद्या लागतातच. नाही तर सेंडर बदलायचा, गेज ठेवायचं की गेज बदलायचं, सेंडर ठेवायचा, यात माझं मत सरळ आहे: सेंडर बदला. तो स्वस्त असतो, इंजिनाच्या बाहेर असतो आणि कधी ना कधी बदलावा लागणारच असतो.

आटे: एक अष्टमांश इंचाचे तीन सोबती

ओहम जुळले तरी सेंडर इंजिनात बसायला हवा. ऑइलच्या भोकांचे आटे बहुधा तीन जातींपैकी एक असतात आणि तिघे डोळ्यांना एकसारखे दिसतात.

एक अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे): बाहेरचा व्यास ९.७३ मिलिमीटर, इंचाला २८ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. एक अष्टमांश एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे): व्यास सुमारे १०.३, इंचाला २७ आटे, कोन ६० अंश, निमुळता. एम१० बाय १: व्यास १०, दोन आट्यांतलं अंतर १ मिलिमीटर, कोन ६० अंश. जपानी इंजिनांत बीएसपीचाच निमुळता प्रकार असतो. अमेरिकन भागांत एनपीटी. व्हीडीओचे सेंडर एम१० मध्येही येतात आणि एनपीटीमध्येही, त्यामुळे पार्ट नंबर नीट वाचा.

अठ्ठावीस आणि सत्तावीस आट्यांमधला फरक हाताला कळत नाही. बीएसपीचा सेंडर एनपीटीच्या भोकात दोन-तीन वेढे सैलसर जातो, मग घट्ट लागतो, आणि गरम तेल आलं की पाझरायला लागतो. मग माणूस आणखी आवळतो. रोव्हर व्ही८ चं समोरचं कव्हर, ज्यात ऑइल पंप आणि फिल्टरचा पाया असतो, ते अॅल्युमिनियमचं आहे. तिथले आटे मारले गेले तर स्वस्तातलं काम महागात पडतं. म्हणून आट्यांची पट्टी आणि व्हर्निअर वापरा, अंदाजाने फिरवू नका. दोन जातींमध्ये जुळवणी करणारे ॲडॉप्टर सहज मिळतात. आणि सेंडर पूर्ण हाताने निदान तीन-चार वेढे गेल्याशिवाय पाना लावू नका.

निमुळत्या आट्यांना द्रव सीलंट लावा. टेफ्लॉनची टेप वापरायचीच असेल तर पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे तिचे तुकडे तेलाच्या वाटेत जाणार नाहीत. सरळ आट्यांना टेप नको, तांब्याचा वायसर किंवा रबराची कड असलेला वायसर लावा.

बसवणं

पाव किलोचा सेंडरचा डबा पितळी टीच्या, म्हणजे तीन तोंडांच्या जोडणीच्या, टोकावर लोंबकळत ठेवायचा नाही. इंजिनाच्या थरथरीने ती पितळ मानेत तडकते, आणि तडकली की पूर्ण दाबाचं तेल एक्झॉस्टवर. मोठा सेंडर चासीवर किंवा बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधली आडवी भिंत) ब्रॅकेटमध्ये धरा आणि इंजिनापासून त्याच्यापर्यंत जाळीदार कवचाची छोटी होज आणा. होज कशाला घासत नाही, एक्झॉस्टपासून लांब आहे, इंजिन हललं तरी ताणली जात नाही, एवढं बघा.

मूळचा ऑइलचा दिवा काढून टाकू नका. टी लावून स्विच आणि सेंडर दोन्ही ठेवा. रस्त्यावर माणूस काट्याकडे सतत बघत नसतो, लाल दिवा मात्र दिसतो. रेसिंगच्या सर्किटवर गाडी पळवणार असाल तर साधारण २० पीएसआयला लागणारा स्विच घ्या. मूळचा स्विच त्यापेक्षा फार कमी दाबाला जागा होतो, आणि तोवर वळणावर तेल एका बाजूला सरकून जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

अर्थ: फायबरग्लासच्या गाडीतला खरा खलनायक

लोखंडी बॉडीत अर्थ कुठूनही मिळतो. फायबरग्लासमध्ये तुम्ही वायर नेली नाहीत तर अर्थ नाहीच. त्यात सेंडर चासीच्या ब्रॅकेटवर, होजच्या टोकाला, आणि ब्रॅकेटखाली पावडर कोटिंगचा जाड रंग. मग सेंडरचं अंग हवेत. बरेच जण इथे अडकतात आणि सेंडरला नावं ठेवतात.

सेंडरच्या अंगाला क्लॅम्प लावून त्याखालून एक स्वतंत्र वायर इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत न्या. ब्लॉकपासून चासीपर्यंत आणि चासीपासून बॅटरीपर्यंत जाड पट्टी. गेजचं अर्थ हेडलाइट, हॉर्न आणि पंख्याच्या अर्थच्या माळेत ओवू नका. सगळ्या घड्याळांची एक अर्थची वायर थेट त्याच मुख्य बिंदूला न्या.

एवढी काळजी कशासाठी, तर १० बारच्या व्हीडीओ गेजवर १८ ओहम म्हणजे साधारण १ बार. सेंडरच्या वाटेत गंजलेल्या जोडणीने ९ ओहम वाढवले तर काटा अर्धा बार जास्त दाखवतो. जास्त, कमी नाही. व्हीडीओच्या तऱ्हेत खराब जोडणी नेहमी दिलासा देणाऱ्या बाजूला चुकते. अमेरिकन तऱ्हेत तीच खराबी काट्याला खाली ओढते आणि तुम्हाला घाबरवते. वायर पूर्ण तुटली की व्हीडीओचा काटा माथ्यावर, अमेरिकन तळाला. या एका बाबतीत मला अमेरिकन पद्धत जास्त शहाणी वाटते.

तपासायची रीत: इंजिन चालू, दिवे आणि पंखा चालू, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, लाल टोक सेंडरच्या अंगावर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ सुधारा. मग तेच गेजच्या अर्थच्या टोकावर करा. हेडलाइट लावले की ऑइलचा काटा हलतो असं दिसलं, तर हीच तक्रार आहे, तेलाची नाही.

पहिल्यांदा इंजिन फिरवताना

इंजिन बराच काळ पडून असेल तर तेलाचा पंप कोरडा असतो. जुन्या रोव्हर व्ही८ मध्ये पंपाचं झाकण उघडून गिअरमध्ये व्हॅसलीन ठासून भरायची रीत मॅन्युअलमध्येच दिलेली आहे. ग्रीस नाही, व्हॅसलीन. ते गरम तेलात विरघळून जातं. न भरता स्टार्टर मारत बसलात तर पंप तेल ओढतच नाही आणि तुम्ही नव्या गेजला दोष देता.

स्पार्क प्लग काढा, इग्निशन कॉइलची जोडणी सोडा, आणि स्टार्टरने थोडं थोडं फिरवा. लाल दिवा विझतो, त्यानंतर काटा उठतो. दिवा विझला आणि काटा ढिम्म, किंवा काटा उठला आणि दिवा तसाच, तर पुढे जाऊ नका. दोघांपैकी एक खोटं बोलतंय.

इंजिन सुरू झाल्यावर सेंडरच्या जागी, किंवा टीच्या मोकळ्या तोंडावर, यांत्रिक तपासणी गेज लावा. तेल थेट त्याच्या नळीत जातं, मध्ये ओहम नाहीत. थंड इंजिन मंद गतीवर, गरम इंजिन मंद गतीवर आणि गरम इंजिन २४०० फेऱ्यांवर, असे तीन आकडे दोन्ही गेजवरून एकाच वेळी लिहा. तिन्ही ठिकाणी पाव बारच्या आत जुळले तर जोडी पक्की. फक्त गरम मंद गतीला फरक येत असेल तर आधी सेंडरच्या अर्थकडे बघा: खालच्या टोकाला ओहम थोडे असतात, त्यामुळे वाढीव दोन-चार ओहमचा घाव तिथे सगळ्यांत जास्त दिसतो. रोव्हरच्या गरम मंद गतीला पाऊण-एक बार दिसला तर घाबरू नका, त्या इंजिनाला तेवढाच असतो.

यांत्रिक गेज कायमचं डॅशबोर्डवर लावायला मी सुचवणार नाही. ते सगळ्यांत खरं सांगतं हे मान्य, पण मांडीच्या वर, प्लॅस्टिकच्या बारीक नळीत गरम तेल घेऊन बसणं मला पटत नाही.

गेजच्या काचेच्या कडेला, गरम २४०० फेऱ्यांना जो आकडा आला त्या जागी रंगाचा बारीक ठिपका द्या. आणि वायरिंगच्या आकृतीमागे सेंडरचा पार्ट नंबर, किती बारचा, आट्यांची जात, शून्य आणि २ बारचे ओहम आणि यांत्रिक गेजचे तीन आकडे लिहून ठेवा. गाडी विकलीत तर तो कागद लॉगबुकबरोबर नव्या मालकाला द्या, नाही तर तो पहिला बिघाड झाला की बाजारात मिळेल तो सेंडर आणून लावणार आहे.